लाखेच्या घरचे पाहुणे

परवा पोस्टात गेले होते, नातीला पार्सल करायला. हल्ली सगळा कारभार चिकटपट्टीवर चालतो, पण त्या दिवशी खिडकीतल्या गृहस्थाला काय हुक्की आली कोण जाणे. त्यानं खणातून लाखेची कांडी काढली, मेणबत्तीवर धरली आणि माझ्या पार्सलाच्या दोऱ्यावर टपटप ठिपके पाडले. तो वास आला मात्र, माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, दस्तगीरचाचा!" तो म्हणाला, "आजी, कुणाला हाक मारताय?" आता त्याला काय सांगायचं, कपाळ! पावती घेतली आणि घरी आले. तेव्हापासून चाचा काही डोक्यातून जायला तयार नाहीत.

दस्तगीरचाचा मण्यार होते. काचेच्या बांगड्या विकायचे आणि लाखेच्या स्वतः घडवायचे. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांची नातवंडं अजून दिवाळीला माझी चौकशी करतात, उगाच कशाला वाकडेपणा. येरमाळ्यापासून बैलगाडीनं तासाभराचं अंतर, एवढं पुरे. मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच्या पुढच्या वर्षी मी बार्शीहून तिथल्या शाळेवर गेले. तोवर शाळा उर्दूत चालायची. आता मराठी झाली म्हणून बाई हवी होती, आणि मला नोकरी हवी होती. आमचे मालक बार्शीला गिरणीत कामाला, मी इकडं. शनिवारी दुपारची एसटी धरून घरी जायचं, सोमवारी परत.

पहिल्याच आठवड्यात चाचा शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. पन्नाशीचे असतील. उंच, किडकिडीत, दाढी मेंदीनं लाल केलेली, आणि उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे चट्टे; लाख ठिबकून ठिबकून पडलेले. काखेत एक जाडजूड पुस्तक, त्याला पुठ्ठा नाही.

"बाई, एक अक्षर अडलंय," म्हणाले.

पुस्तक म्हणजे भारताची पोथी, छापील. पांडवांची, कौरवांची सगळी कथा. बोट ठेवलं होतं 'धर्मराज' या शब्दावर.

"ह्येला म्या घर्मराज वाचतो. जोशीबुवा हसत्यात. का हसत्यात ते सांगत न्हाईत."

झालं होतं असं, की चाचांची शाळा लहानपणी चार यत्ता, तीही उर्दूत. निजामाचं राज्य गेलं, पाट्या बदलल्या, तेव्हा त्यांनी मराठी अक्षरं एसटीच्या पाट्यांवरून उचलली. भ घेतला भूमच्या गाडीवरून. ब बेंबळीच्या. य आणि ळ येरमाळ्याच्या. घ मिळाला कळंबच्या बाजारातल्या घड्याळजीकडून. पण ध कुठून मिळणार? जिल्ह्याच्या गावाला सगळे बोलताना धाराशिव म्हणायचे, पाटीवर मात्र उस्मानाबाद. तेव्हा पोथीत ध आला की चाचा तो सरळ घ वाचायचे, आणि त्यांना त्यात काही चुकतंय असं वाटायचंही नाही.

मी फळ्यावर दोन्ही अक्षरं काढून दाखवली. चाचांनी कपाळावर हात मारला.

"आँ! म्या समजत व्हतो घर्म म्हंजी घर राखायचं काम. ज्येनं घर राखलं त्यो घर्मराज. म्हनून तर त्यो जुव्यात बसला तवा मला लई राग आला. म्हनलं, नाव घर्मराज आन् घरच लावतो व्हय रे डावावर!"

मी म्हटलं, "चाचा, धर्म म्हणजे ज्याचं त्याचं कर्तव्य."

चाचांना ते मुळीच पटलं नाही. "अक्षर तुमचं घेतो," म्हणाले, "पर अर्थ माझाच ऱ्हाऊ द्या." आणि पुढं कित्येक वर्षं, ध स्वच्छ वाचता येत असताना, मुद्दाम मला डिवचायला ते घर्मराजच म्हणायचे.

ती पोथीही मजेशीर होती. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत चाचा दर चैत्रात बांगड्यांचं दुकान मांडत. तिथं एका रद्दीवाल्याकडं त्यांना ती मिळाली. सुरुवातीची आणि शेवटची पानं नव्हती. उरलेलं पहिलं पान उघडलं तर कौरवांनी पांडवांना जाळून मारायला लाखेचं घर बांधलंय. लाखेचं! चाचांच्या धंद्याची वस्तू! हा माणूस तिथं जो अडकला तो अडकलाच. त्यांचं भारत त्या घरापासूनच सुरू व्हायचं. त्याच्या आधी कोण जन्मलं, कोणी कुणाला काय शाप दिला, त्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

आणि हट्टी किती म्हणाल! हस्तिनापूर म्हणजे आपला परांडा, हे त्यांचं ठाम मत. का, तर किल्ला आहे. मी नकाशा दाखवला तर म्हणाले, "नकाशा काढनारा परांड्याला गेलता का?" आता बोला. अशा माणसाशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. पण मला वादाची खोड पहिल्यापासूनची, आणि त्यांनाही. शाळा सुटली की मी मुलींच्या बांगड्यांचं निमित्त काढून त्यांच्या भट्टीपाशी जाऊन बसायची.

लहानशी मातीची भट्टी, तिच्यावर लाख मऊ होत असायची. चाचा ती लाकडाच्या पाटीवर हातानं लांबवत, दोरीसारखी करत, गोल वळवून टोकं जोडत. तोंड अखंड चालू. बांगडी भरताना तर विचारूच नका. मूठ आवळून धरलेल्या बाईच्या हातात बांगडी चढत नाही, हे कुठल्याही मण्याराला ठाऊक असतं. चाचांनी त्यावर उपाय काढला होता. हात हातात घेतला की सुरू: "हां, तर अभिमन्यू रथावर बसला. सारथी म्हनला, नगं जाऊ..." बाईचं लक्ष तिकडं. पोरगा व्यूहाच्या तोंडाशी आला की चाचांचा अंगठा तिच्या पंजाच्या हाडावर. आणि पोरगा आत शिरला की बांगडी आत. बाईला कळायचंही नाही. डझनभर बांगड्या भरेपर्यंत अभिमन्यू पडलेला असायचा आणि बाई डोळे पुसत उठायची. एक म्हातारी तर म्हणायची, "मेल्या, बांगड्या भराया आलते का मयताला?"

या बांगड्यांवरूनच एकदा गावात मोठा गहजब झाला. त्या काळी महारवाड्यातल्या किंवा पारध्यांच्या पालावरच्या बायकांना बाकीचे बांगडीवाले हात लावत नसत. बांगड्या वरून त्यांच्या पदरात टाकायच्या; त्यांनी आपल्या हातानं चढवायच्या. निम्म्या तिथंच फुटायच्या, पैसे पुरे. बेंबळीच्या बाजारात चाचांनी एका पारधिणीचा हात सरळ हातात घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि अभिमन्यूला रथावर बसवलं. बाजारातल्या बायकांनी पाहिलं. बातमी चाचांच्या आधी गावात पोचली.

पाटलांच्या आईनं निरोप धाडला, आमच्याकडं आता येऊ नको. तिनं नाही म्हटल्यावर आळीतल्या बाकीच्यांनीही नाही म्हटलं. मी भट्टीवर गेले तेव्हा चाचा रिकामे बसले होते.

"काय अडलं होतं तुमचं, चाचा?" मी रागानंच विचारलं. "पदरात टाकल्या असत्या तर काय बिघडत होतं?"

"बाई, वरून टाकलं तर ते दान झालं. म्या मण्यार हाय, धंदा करतो. बांगडी भरायची म्हंजी हात धराया लागतो. हात धरत न्हाय त्येनं भाजी इकावी."

बरेच महिने असे गेले. चाचांनी त्या काळात काय खाल्लं, कसं भागवलं, ते त्यांचं त्यांना माहीत. मग पाटलांच्या सुनेचा सातवा महिना आला. हिरव्या बांगड्या भरायच्या, तर येरमाळ्याहून दुसरा बांगडीवाला बोलावला. त्यानं त्या नाजूक पोरीच्या हाताचं सालटं काढलं. पोरगी रडायला लागली, म्हणाली, "मला दस्तगीरचाचाच पायजेत." सातव्या महिन्यातल्या सुनेचा शब्द कोण मोडणार? चाचांना बोलावणं गेलं. मी तिथंच होते. पाटलांची म्हातारी आई ओसरीवरून म्हणाली, "आधी हात धुऊन ये रे."

चाचा रांजणाकडं वळलेसुद्धा नाहीत. बसले, पेटी उघडली आणि म्हणाले, "आईसाहेब, येताना कशाला? जाताना धुतो की."

मग सून फिस्सकन हसली, आणि तिच्यामागं सगळ्याजणी. आणि जाताना त्यांनी खरंच धुतले हो हात, चांगले खळखळून, सगळ्यांच्या देखत. म्हातारी पुढं मरेपर्यंत हे सांगायची, आणि दरवेळी शिव्या घालून सांगायची.

आता मुख्य गोष्टीकडं येते.

श्रावण लागला की मारुतीच्या देवळात भारताची पोथी लागायची. दुपारी सुरू, दिवेलागणीच्या आत संपायची. वाचायचे जोशीबुवा. बुवा रागीट, पण मनानं वाईट नव्हे. आवाज तर असा की बैलसुद्धा ऐकत उभा राहावा. आत मंडपात बाप्ये, उजव्या अंगाला आम्ही बायका. बाहेर लांब कडुनिंबाखाली महारवाड्यातली माणसं. आणि चाचा? चाचा ना आत, ना निंबाखाली. देवळाच्या शेवटच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी. ती जागा त्यांना कुणी दिली नव्हती, आणि तिथून कुणी उठवलंही नव्हतं. मी बायकांच्या कडेला बसायची, म्हणजे ते माझ्यापासून हाताच्या अंतरावर.

मधे एक श्रावण असा आला की कडुनिंबाखाली कुणी आलंच नाही. महारवाड्यानं नवा धर्म घेतला होता, जुन्या पोथ्या-देवांशी संबंध तोडला होता. तिथला एक शिकलेला तरुण चाचांना भट्टीवर म्हणाला, "चाचा, तुम्ही कशाला जाता? ती पोथी आमचीच न्हाय, तर तुमची कुठनं?"

"तू गेलास ते लई ब्येस केलंस," चाचा म्हणाले. "पोथी तुझी न्हाय, मला बी कबूल. पर तिच्यात जळालेली हायत ती कुनाची? त्येंना तिथं सोडून म्या कसा उठू?"

जळालेली म्हणजे कोण, ते सांगते. लाखेच्या घराची कथा सगळ्यांना ठाऊक असते. पांडवांना सुगावा लागतो, ते भुयार खणतात, आग लागते आणि ते सुखरूप निसटतात. इथं आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण पोथीत आणखी एक गोष्ट आहे, दोन-चार ओळींची. त्या दिवशी कुंतीनं जेवण घातलं होतं. एक निषादाची बाई, म्हणजे रानातल्या, गावाबाहेरच्या लोकांपैकी, आपल्या पाच मुलांना घेऊन जेवायला आली. पोटभर जेवली, पाजली तेवढी प्याली आणि तिथंच मुलांसकट झोपली. सकाळी राखेत सहा प्रेतं सापडली, आई आणि पाच मुलगे. लोक म्हणाले, गेले बिचारे पांडव.

त्या गावची एक रीत होती. मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. पोथीत ज्या दिवशी कुणी मरेल त्या दिवशी प्रसाद नाही. अभिमन्यू पडला, प्रसाद नाही. घटोत्कच पडला, नाही. फार काय, दुर्योधन पडला त्या दिवशीसुद्धा नाही. "वैरी असला तरी मेलाय," असं म्हणून बुवा रिकामी परात पालथी घालायचे आणि सगळे मुकाट्यानं घरी जायचे. पण लाखेच्या घराच्या दिवशी पांडव सुटतात ना! त्या दिवशी गूळ-खोबरं. परात भरून.

चाचा त्या दिवशी गूळ घेत नसत. पाटलांचा गडी परात घेऊन पायरीपर्यंत यायचा, चाचा हात मागं घ्यायचे आणि विचारायचे, "बुवा, आज सहा मानसं गेली. परात उताणी कशी?"

दर वर्षी हेच. पहिल्या वर्षी बुवा उखडले. "अरे, त्यांचं प्रारब्ध होतं ते!"

"मंग अभिमन्यूचं काय व्हतं?"

"दस्तगीर, नीट समजून घे. तिथं प्रेतं सापडली नसती तर कौरवांना कळलं असतं पांडव पळाले म्हणून. शोध घेतला असता. सहा जणांची राख तिथं असायलाच हवी होती."

"व्हय, बुवा, ह्येच म्या म्हनतो. सहा मडी पायजे व्हती. मंग जेवाया कुनाला बोलवायचं? ज्येंना हुडकाया कुनी येनार न्हाय त्येंना." चाचांचा आवाज चढला, आणि आवाज चढला की ते दखनीवर जायचे. "मेहमान थे वो, बुवा! खाने को बुलाए थे!"

"पोथीत त्यांची नावंसुद्धा नाहीत!"

"नावं न्हाईत म्हनूनच म्हनतोय की!"

मंडपातनं लोक ओरडले, गप बस रे मण्यारा, गूळ खाऊ दे. चाचा चपला घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर हजर. बुवांनीही वाचायच्या आधी पायरीकडं एकदा नजर टाकली, आला का म्हणून. मला वाटतं, बुवांना त्या गावात मनापासून ऐकणारा तो एकच होता, आणि नेमका तोच सुखानं ऐकू देत नव्हता. काय दुखणं हे!

तसं बघायला गेलं तर चाचांच्या मशिदीतही त्यांच्यावर खूश कुणी नव्हतं. मुल्लासाहेबांनी त्यांना हटकलं, दुसऱ्यांच्या पोथीपायी कशाला जीव जाळतोस? चाचा म्हणाले, "मोहरमला सगळा गाव आपले डोले खांद्यावर घेतो. पाटील मलिदा करतो. माळ्याच्या बायका छाती बडवून रडत्यात. तवा कुनी म्हनलं का, दुसऱ्यांचं मयत हाय?"

हेच मला त्यांनी एकदा उलट्या बाजूनं ऐकवलं. "बाई, आमच्यात तेरा शतकांमागं तहानेनं मेल्यांची नावं घेऊन अजून रडत्यात. न्हान्या पोराचं बी नाव ठावं हाय. तुमच्यात सहा मानसांसाठी एक दिस गूळ बंद ठेवायला येईना?"

मी म्हटलं, "चाचा, एवढं का लागलंय तुमच्या जिवाला ते? गोष्टच आहे शेवटी."

लाख मऊ झाली होती. चाचांनी ती भट्टीवरून उतरवली आणि तशीच गार होऊ दिली. मग बोलले.

त्यांचा थोरला भाऊ परांड्याच्या अंगाला एका खेड्यात राहायचा, हाच धंदा. निजामाचं राज्य गेलं त्या दिवसांत, पोलीस ॲक्शनच्या वेळी, तिथले लोक एका बंदूकवाल्याच्या शोधात आले. त्यानं त्या भागाला फार छळलं होतं. तो आदल्या दिवशीच हैदराबादकडं पळाला होता. त्याचं घर रिकामं. शेजारचं घर चाचांच्या भावाचं.

"भाऊ व्हता, भावजय व्हती. घरात लाख व्हती, बाई. लाख आधी वितळती, मंग ठिबकती, मंग पेटती. त्येंना बंदूकवाला पायजे व्हता, त्यो गावला न्हाय. कुनीतरी तर पायजे व्हतं." त्यांनी हातावरच्या चट्ट्यांवरून बोट फिरवलं. "त्येंच्यासाठी म्या कुनाशी भांडू? जाळनारा कोन ते बी ठावं न्हाय. आन् ज्येंना बंदूकवाल्यानं नाडलं, त्येंना काय म्हनू? पर ह्या सहांसाठी भांडाया जागा हाय. बुवा हायत. दर साल दिस ठरल्याला हाय. म्हनून भांडतो."

रडू आलं ते आवरलं नाही, सरळ रडले. चाचा म्हणाले, "हात द्या इकडं," आणि माझ्या हातात दोन लाखेच्या बांगड्या चढवल्या. त्या वेळी मात्र अभिमन्यूची गोष्ट सांगितली नाही.

त्यानंतर मी स्वतः जोशीबुवांकडं गेले होते. म्हटलं, एक दिवस परात पालथी घातली तर काय होईल? बुवा पानाला चुना लावत होते. "बाई, तुम्हाला वाटतं मला ते दिसत नाही? दिसतं. पण चाळीस वर्षं मी ह्या लोकांना त्या दिवशी गूळ दिला. आता म्हणू, तुम्ही सहा प्रेतांवर गूळ खात होता? माझ्या वडिलांनीही दिला. त्यांना काय म्हणू?" मी परत आले. चाचांना सांगितलं नाही.

माझी भूमला बदली झाली ते वर्ष. श्रावण लागला होता, मला पंधरा दिवसांनी रुजू व्हायचं होतं. त्या साली ओढ्यापलीकडं पारध्यांची पालं पडली होती. गावात कुजबुज चालू होती, कोंबड्या सांभाळा, गोठ्याला कडी घाला, नेहमीचंच. लाखेच्या घराचा दिवस आला. चाचा पायरीवर होते. बरेच थकले होते, दाढीला मेंदी लावायचंही सोडून दिलं होतं.

बुवा वाचायला लागले. तेही म्हातारे झाले होते, पण आवाज तोच. भुयार झालं. कुंतीचं जेवण झालं. निषादीण पाच पोरांना घेऊन आली. तिथं बुवा थांबले. चष्मा काढला, पुसला, पायरीकडं पाहिलं. म्हटलं, आज होतंय. बुवांनी चष्मा लावला आणि पुढं वाचलं. आग लागली, पांडव सुटले, मंडपात जयजयकार झाला आणि पाटलांचा गडी परात घेऊन उठला.

चाचांनी काही विचारलं नाही. पहिल्यांदाच. मला ते फार लागलं. वाटलं, संपलं, माणूस हरला.

तेवढ्यात कडुनिंबाखाली एक पारधीण येऊन उभी राहिलेली दिसली. कडेवर एक, मागं तीन-चार पोरं. देवळात गूळ वाटतात हे कुणीतरी तिला सांगितलं असणार. कुणीतरी हाडहुड केलंच, पण ती हलली नाही. पोरं परातीकडं बघत होती.

गडी पायरीपाशी आला. सवयीनं पुढं सरकणार, तोच चाचांनी हात पुढं केला. गडी गोंधळला. "घ्येताय व्हय, चाचा?"

"दे. आनिक दे. दोनी हातानं दे."

मंडपातली माणसं वळून बघायला लागली. इतक्या वर्षांत या माणसानं त्या दिवशी गुळाला हात लावला नव्हता. चाचा ओंजळ भरून उठले. चपला तिथंच राहिल्या. अनवाणी निंबाखाली गेले, गुडघ्यावर बसले आणि एकेका पोराच्या हातात, हाताला हात लावून, गूळ-खोबरं ठेवलं. शेवटचं त्या बाईला दिलं. मग बोलले. मोठ्यानं नाही, पण सगळं इतकं शांत होतं की देवळात ऐकू आलं.

"खावा. पोटभर खावा, पोरांनो. पर हितं निजू नगा. आं? आई, घिऊन जा ह्येंना. कुनी कितीबी म्हनलं, तरी हितं निजू नगा."

पारधीण हसली. तिला वाटलं असेल, म्हातारा चेष्टा करतोय. पोरांना पुढं घालून ती ओढ्याकडं निघाली. चाचा तिथंच उभे राहिले, देवळाकडं पाठ करून.

माझ्या मागं खणकन आवाज झाला. वळून पाहिलं तर जोशीबुवा उठून उभे होते. त्यांनी गड्याच्या हातातून परात घेतली होती आणि मारुतीसमोर पालथी घातली होती. गूळ सगळा फरशीवर सांडला होता. कुणी तो उचलला नाही. बायका हळूहळू पदर सावरून उठल्या, बाप्ये चपला शोधायला लागले.

मी चाचांना हाक मारणार होते, बघा तरी, मागं बघा. पण ती पोरं अजून ओढा उतरत होती, धाकटं एक मागं राहिलं होतं, आणि चाचा त्याच्याकडं बघत होते.